खाल्ल्या मिठाचा हिशेब

"उद्या रजा मिळेल का?" आणि "उद्या मी नाहीये." एकाच टीममधल्या दोन माणसांची ही वाक्ये. पहिले २००४ साली नोकरीला लागलेल्याचे, दुसरे २०२१ साली लागलेल्याने टीमच्या ग्रुपवर टाकलेले. दोघांनाही एक दिवस घरी राहायचे आहे, दोघांच्याही खात्यावर रजा शिल्लक आहेत आणि दोघेही हातातले काम संपवूनच जाणार आहेत. तरी दुसरे वाक्य वाचताना मॅनेजरच्या कपाळाला आठी पडते. हा पोरगा विचारत नाही, कळवतो.

ही आठी आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. रजा हा शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा अर्थ संमती, मर्जी. राजी हा त्याच कुळातला, राजीनामाही त्याच कुळातला. म्हणून रजा कुणीतरी द्यावी लागते. सुट्टी हा शब्द सुटण्यातून आला, आणि सुटायला कुणाच्या मर्जीची वाट बघावी लागत नाही. जुना माणूस रजा मागतो, नवा सुट्टी घेतो. मॅनेजर आणि नव्या पोरांमधल्या कुरबुरी नीट ऐकल्या, तर बहुतेक सगळ्या याच दोन शब्दांमध्ये कुठेतरी अडकलेल्या सापडतात. मला सांगायचे आहे ते एवढेच की हे अंतर मुलांच्या स्वभावात शोधू नये. ते व्यवहारात पडले आहे, आणि कधी पडले, कसे पडले, हे बऱ्यापैकी तारीखवार दाखवता येते.

त्यासाठी बेंगळुरूच्या सर्जापूर रोडइतकी सोयीची जागा नाही. कोरमंगलाकडून निघालेला हा रस्ता अगरा, आयबलूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र करत आनेकल तालुक्यातल्या सर्जापूर गावाला जातो. आयबलूरला तो आउटर रिंग रोडला भेटतो आणि तिथल्या सिग्नलवर पुणे, नागपूर, कोल्हापूर, नांदेडहून आलेली हजारो मराठी माणसे रोज थोडे थोडे आयुष्य घालवतात. पुढे दोड्डकन्नेल्लीला विप्रोचे मुख्यालय. त्याच्याही पुढे, सर्जापूरच्या बाजूला, अझीम प्रेमजी विद्यापीठाचा परिसर. रस्ता कर्नाटकातला असला तरी या गोष्टीचे मूळ आपल्या खानदेशात, अमळनेरला आहे. तिकडे वळूच, पण आधी २०२२ चा ऑगस्ट.

त्या महिन्याच्या सुरुवातीला स्विगीने जाहीर केले की आमचे कर्मचारी कामाच्या वेळेबाहेर, ठरावीक अटींवर, दुसरे कामही करू शकतील. पुढच्या काही दिवसांत विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी ट्विटरवर लिहिले की आयटीत नोकरी सांभाळून गुपचूप दुसरीकडे काम करणे, म्हणजेच मूनलायटिंग, ही सरळ सरळ फसवणूक आहे. सप्टेंबरात अखिल भारतीय व्यवस्थापन संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी आकडाही सांगितला. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी एकाच वेळी काम करणारे ३०० जण सापडले होते आणि त्यांना काढून टाकले होते. विप्रोत तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसे होती. म्हणजे हजारात साधारण एक. पण बातमी अशी फिरली की जणू अख्खी पिढीच चोरीच्या वाटेला लागली आहे.

इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना ताकीद देणारा मेल पाठवला आणि महिनाभरातच, ऑक्टोबरमध्ये, वरिष्ठांची परवानगी घेऊन बाहेरची छोटी कामे करायला मुभाही दिली. टेक महिंद्राचे प्रमुख सी. पी. गुरनानी यांनी या प्रकाराकडे मोकळ्या मनाने बघायची तयारी दाखवली. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर म्हणाले, माणसांना बांधून ठेवू पाहणाऱ्या कंपन्यांचा प्रयत्न टिकणार नाही. वर्तमानपत्रांनी आणि घराघरांतल्या जेवणाच्या टेबलांनी मात्र निकाल लावून टाकला होता: ही जुन्या आणि नव्या पिढीची लढाई. जुनी पिढी खाल्ल्या मिठाला जागणारी, नवी पिढी दोन ताटांत जेवणारी.

रिशद प्रेमजींच्या म्हणण्यात जे खरे होते ते बाजूला सारून चालणार नाही. त्याच अधिवेशनात त्यांनी आपला आक्षेप लपवाछपवीवर असल्याचे स्पष्ट केले होते. शनिवार-रविवारी बँडमध्ये वाजवायचे असेल, एखादा प्रकल्प करायचा असेल, तर मोकळेपणाने बोला, असे ते म्हणाले. सॉफ्टवेअर सेवांचा सगळा धंदा ग्राहकाच्या विश्वासावर उभा असतो. अमेरिकेतल्या एका बँकेचा कोड ज्या लॅपटॉपवर उघडा आहे, त्याच टेबलावर तिच्या स्पर्धकाचाही उघडा असेल तर ग्राहकाने का घाबरू नये? आणि तो घाबरला की पहिला फोन येतो तो मॅनेजरला, अध्यक्षांना येत नाही. त्याच ऑगस्टमध्ये विप्रोने मधल्या आणि वरच्या फळीचा बदलता पगार रोखल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे ज्याने निष्ठेचे दाखले द्यायचे, त्याच्या स्वतःच्या पगाराला कात्री लागलेली. मधल्या मॅनेजरची ही अवस्था मला या सगळ्या प्रकरणात सर्वात कमी बोलली गेलेली वाटते.

आता अमळनेर. बोरी नदीच्या काठचे हे गाव मराठी वाचकाला साने गुरुजींमुळे ठाऊक असते. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिकवत. २०२४ साली ९७ वे मराठी साहित्य संमेलन भरले तेही अमळनेरलाच. याच गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने स्थापन झालेल्या कंपनीची गिरणी उभी राहिली. खानदेशातल्या तेलबियांपासून वनस्पती तूप, आणि तेलाच्या राहिलेल्या अंशातून कपडे धुण्याचा साबण. साबणाचे नाव होते ७८७. विप्रो हे नाव त्या लांबलचक इंग्रजी नावातूनच निघाले आहे.

संस्थापक एम. एच. हाशम प्रेमजी ऑगस्ट १९६६ मध्ये वारले. मुलगा अझीम तेव्हा स्टॅनफर्डला शिकत होता, वय एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून तो आला आणि कंपनीच्या खुर्चीत बसला. त्याच्या पहिल्याच वार्षिक सभेत एक भागधारक उभा राहिला आणि त्याने सगळ्यांसमोर सल्ला दिला, की बाबा रे, तू तुझे शेअर विकून टाक आणि कंपनी एखाद्या पोक्त माणसाच्या हाती दे. तेलबियांची खरेदी तोपर्यंत अनुभवी माणसांच्या नजरेवर आणि बोटांवर चाले. दाणा हातात घ्यायचा, चावून बघायचा आणि भाव करायचा. नव्या मालकाने बियांतले तेल आणि पाणी मोजून भाव ठरवायची पद्धत आणली. वर्षानुवर्षांची ज्यांची नजर एका रात्रीत बिनकामाची ठरली, त्या खरेदीदारांना हा पोरगा कसा वाटला असेल याचा विचार करून बघावा. 'याला काही कळत नाही आणि हा विचारतही नाही,' हे वाक्य आज सर्जापूर रोडच्या कॅन्टीनमध्ये जितके ऐकू येते, तितकेच तेव्हा अमळनेरच्या गिरणीत ऐकू आले असणार.

पिढी म्हणजे काय, यावर पहिले भक्कम लिखाण कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ साली केले. त्याचा मुद्दा असा, की एकाच वर्षी जन्मल्याने पिढी होत नाही. ऐन तारुण्यात, जगाशी पहिली गाठ पडत असताना, काहींना मिळून एकच मोठा धक्का बसतो आणि त्यातून पिढी घडते. नंतर लोकांनी या विचारातले कष्टाचे भाग गाळले आणि जन्मसालांचे डबे केले: मिलेनियल, जेन झी. हे डबे आता अभ्यासकच उचलून बाजूला ठेवत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २०२० साली सगळा अभ्यास चाळून सांगितले की कर्मचारी हाताळण्यासाठी असल्या पिढ्यांच्या वर्गवारीला फारसा पुरावा नाही. प्यू संशोधन केंद्राने या शब्दांना एकेकाळी मोठे चलन दिले होते. २०२३ मध्ये त्यानेही यापुढे ते जपून वापरू असे जाहीर केले.

अडचण अशी आहे की माणसाच्या वागण्यात तीन धागे एकात एक गुंतलेले असतात. एक त्याच्या वयाचा, एक चालू काळाचा आणि एक तो ज्यांच्याबरोबर वाढला त्या पिढीचा. पंचविशीतला माणूस नोकऱ्या बदलतो, कारण त्याच्यावर घराचा हप्ता नसतो. हा वयाचा धागा, १९९५ सालच्या पंचविशीतल्यालाही तो लागू होता. मग नवी मुले एका जागी टिकत नाहीत, ही तक्रार यातल्या कुठल्या धाग्याची?

आकडेच सांगतात. जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसमधून वर्षभरात आपणहून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण २८.४ टक्के होते, विप्रोत २३.३ टक्के. तेव्हा सगळीकडे एकच ओरड, या पिढीला निष्ठा नाही. डिसेंबर २०२३ च्या तिमाहीत इन्फोसिसचा आकडा १२.९ वर आला होता, विप्रोचा १४.२ वर. दीड वर्षात पिढी बदलत नाही. त्याच वयाची, बरीचशी तीच मुले त्याच खुर्च्यांवर होती. बदलला होता तो बाजार. २०२१-२२ मध्ये जगभरातल्या कंपन्यांना एकदम माणसे हवी होती आणि २०२३ मध्ये नको झाली. ज्याला आपण स्वभाव म्हणत होतो तो भाव होता, बाजारभाव. हे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हापासून 'आजकालची पोरं' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य मला पुरे करवत नाही.

मग पिढीचा म्हणावा असा फरक काहीच नाही का? आहे, आणि तो पहिल्या पगारात आहे.

२०१० च्या सुमारास मोठ्या आयटी कंपनीत नुकताच इंजिनिअर झालेला मुलगा लागे, तेव्हा त्याला वर्षाला तीन ते साडेतीन लाख मिळत. २०२३ मध्येही त्याच कंपन्यांचा सर्वसाधारण आकडा साडेतीन लाखच होता. मधल्या काळात देशातली महागाई दुपटीने वाढली. आकडा तोच राहिला, म्हणजे पगार अर्धा झाला. पूर्वीच्या माणसाला त्या पगारासोबत आणखी काही मिळत होते, जे पगारपत्रकावर दिसत नसे: ऑनसाइटची संधी, दोन वर्षांत टीम लीड, भराभर वाढणारी कंपनी आणि तिच्याबरोबर वर सरकणारी खुर्ची. विप्रोने १९८४ सालीच कर्मचाऱ्यांना शेअर देण्यासाठी विश्वस्त निधी उभारला होता, इन्फोसिसने नव्वदीच्या दशकात तशी योजना आणली. अमळनेरच्या जुन्या घरांत कपाटात पडून राहिलेल्या विप्रोच्या शेअरांनी पुढे किती जणांची आयुष्ये पालटली, हे खानदेशात सर्वांना माहीत आहे. त्या माणसांनी मीठ खाल्ले आणि ते मिठाला जागले, यात शंका नाही. पण त्या मिठाने त्यांना घर दिले, हेही खरेच आहे.

सर्जापूर रोडवर हा फरक डोळ्यांना दिसतो. २००५ ते २०१० या काळात नोकरीत स्थिरावलेल्यांनी इथे फ्लॅट घेतले. तेव्हा आजूबाजूला रागीची शेते आणि निलगिरीची बने होती. आज त्याच फ्लॅटच्या शेजारच्या गल्लीत त्यांच्या टीममधला बावीस वर्षांचा मुलगा पीजीत दोघांत एक खोली घेऊन राहतो. साडेतीन लाखांतून हातात महिना पंचवीस हजारांच्या आत येतात. बेंगळुरूत स्वतंत्र घर घ्यायचे तर दहा महिन्यांचे भाडे आगाऊ ठेवण्याचा रिवाज अजून पुरता गेलेला नाही. रोज सकाळी स्टँडअप कॉलवर भेटणाऱ्या या दोघांपैकी एकासाठी हा रस्ता म्हणजे कमावलेले घर आहे आणि दुसऱ्यासाठी महिन्याच्या चोवीस तारखेची काळजी. पहिला जेव्हा म्हणतो, "आम्हीही तुमच्या वयात रात्री बारापर्यंत बसायचो," तेव्हा तो खरे बोलतो. दुसऱ्याला ते ऐकून राग येतो, आणि त्याचाही राग खोटा नाही.

दुसरा खरा फरक पडद्याचा. २०२० आणि २०२१ मध्ये लागलेल्या हजारो मुलांचा लॅपटॉप कुरिअरने घरी आला. त्यांनी पहिली दोन वर्षे जळगावच्या, सांगलीच्या, बीडच्या घरातल्या एका खोलीतून काढली. मानहाइम ज्याला जगाशी पहिली गाठ म्हणतो, ती यांची कॅमेरा बंद असलेल्या चौकोनांशी पडली. ऑफिसात काही गोष्टी कुणी शिकवत नाही, त्या नुसत्या शेजारी बसून कळतात. ग्राहक चिडला की सिनिअर आवाज कसा खाली आणतो, कोणता मेल पाठवायच्या आधी तो अर्धा तास ठेवून देतो, चूक कबूल करताना नेमके कोणते शब्द वापरतो. या मुलांना ते मिळाले नाही. उलट एक गोष्ट मात्र पक्की कळली, की काम घरून होते. मग सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूरच्या भागात तळी फुटून वाहिली, सर्जापूर रोडवरची रेनबो ड्राइव्ह वसाहत पाण्यात गेली आणि ऑफिस गाठायला आयटीतली माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहिली, तेव्हा ज्याने आधी दोन वर्षे बिनतक्रार काम घरून दिले होते त्याला 'ऑफिसला यायलाच हवे' हे समजावणे सोपे नव्हते. विप्रोने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिस सक्तीचे केले. मला स्वतःला वाटते की नव्या माणसाने ऑफिसला यावे, पण हजेरीच्या यंत्रासाठी नव्हे. शेजारच्या खुर्चीवर शिकवणारे कुणी बसलेले असेल तर त्याच्यासाठी यावे. मुलगा आयबलूरचा सिग्नल दीड तास झेलून आला आणि त्याचा मॅनेजर त्या दिवशी घरून कॉलवर असला, तर त्या मुलाकडून आपण नक्की काय मागतो आहोत?

मराठी माणसांच्या टीममध्ये आणखी एक बारीकशी गाठ असते. इंग्रजीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, अध्यक्षांपासून फ्रेशरपर्यंत. पण चहाच्या टपरीवर साताऱ्याचा मॅनेजर आणि नांदेडची नवी मुलगी मराठीत बोलू लागले, की एका क्षणात 'तू' आणि 'तुम्ही' यांतले एक निवडावे लागते. तो तिला तू म्हणतो, ती त्याला तुम्ही आणि सर. इंग्रजीने झाकलेली उतरंड आपल्या क्रियापदांत लगेच वर येते. याचा तोटा आहे. 'सर'ला सांगता न येणारी गोष्ट ती कुणालाच सांगत नाही आणि थेट पेपर टाकते. पण फायदाही पाहिलेला आहे. 'जेवलीस का?' हे वाक्य कुठल्याच अप्रायझलच्या फॉर्ममध्ये नसते, आणि ज्या मॅनेजरला ते मनापासून विचारता येते त्याला राजीनाम्याची कुणकुण मेल यायच्या आधी लागते.

राजीनाम्याविषयी थोडे. आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असतो. माणूस राजी नाही हे उघड झाल्यावरही तीन महिने तो त्याच खुर्चीत. या तीन महिन्यांत तो हातातल्या नव्या ऑफर लेटरच्या जोरावर दुसरे मिळवतो, दुसऱ्यावर तिसरे. मॅनेजर म्हणतो, यांना शब्दाची किंमत नाही. पण माणसाला तीन महिने उंबरठ्यावर उभे करणारा नियम मुलांनी केलेला नाही. मूनलायटिंगच्या वादात कारखाने अधिनियमाच्या ६० व्या कलमाचा दाखला पुष्कळदा दिला गेला. एका कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत राबू नये, असे ते कलम सांगत होते. तो कायदा १९४८ चा आणि त्याच्याच ५१ व्या कलमात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. दोन्ही कलमे एकाच प्रकरणातली, दोन्ही माणसाच्या थकणाऱ्या शरीरासाठी. त्यातले एक उचलायचे आणि दुसरे विसरायचे, हे बरोबर नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तासांचा सल्ला दिला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक सरकारपुढे आयटीतला दिवस चौदा तासांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव आला आणि तिथल्या आयटी कर्मचारी संघटनेने रस्त्यावर येऊन त्याला विरोध केला. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांनी सहा वर्षे झगडून रविवारची सुट्टी मिळवली ती १० जून १८९० पासून. तेव्हाही ती मागणाऱ्यांना आळशीच म्हटले गेले असेल. म्हणून मी सुट्टी हा शब्द हलका मानत नाही.

या रस्त्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२३ च्या अहवालात नोंदवले की पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांवर आहे. त्यामुळे ज्यांना नोकरी मिळते त्यांच्या वागण्यातला बेफिकीरपणा जितका दिसतो तितका आत नसतो.

हे सर्वात स्पष्ट दिसले फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी भरती जोरात असताना विप्रोने कॉलेजांतल्या काही मुलांना साडेसहा लाखांच्या जागा देऊ केल्या होत्या. मुलांनी प्रशिक्षण पुरे केले आणि रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत महिने काढले. मग मेल आला, सध्या साडेतीन लाखांच्या जागा आहेत. त्या स्वीकारा, नाहीतर साडेसहाच्या जागेसाठी थांबून राहा. पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने याला अन्याय म्हटले, कंपनीने बदललेल्या बाजाराकडे बोट दाखवले. कंपनीची अडचण खरी होती, ग्राहक हात आखडत होते. पण त्या मुलांनी पहिली नोकरी सुरू व्हायच्या आधीच शब्द अर्ध्यावर येताना पाहिला, आणि सहा महिन्यांपूर्वी शब्दाला जागण्याचा धडा त्यांनाच दिला जात होता.

त्यांच्याकडून उत्तर थोड्या दिवसांत हवे होते. कुणी बापाला विचारले असेल, कुणी आधी लागलेल्या मित्राला. बहुतेकांनी साडेतीन लाख स्वीकारले आणि ते रुजू झाले. आज त्यांतले काही दोड्डकन्नेल्लीला बसतात. उद्या नसलो तर ते तसे ग्रुपवर कळवतात.